गिटार वाजली आणि पोरं खुर्च्यांवर बसली: ‘वेक मी अप’ नेमकं जमलं कसं?

सहातारी_पनवेल

नमस्कार मंडळी. एक रडगाणं आहे आणि त्यामागे दोन खरे प्रश्न आहेत.

मी गिटार वाजवतो, बरं गातो असं घरचे म्हणतात. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपवर रेकॉर्डिंग शिकलो आणि तेव्हापासून एका मराठी गाण्यामागे लागलोय. सुरुवातीला नुसती अकूस्टिक गिटार आणि आवाज, मुखडा झाला की खालून धमधम किक (नाचाच्या ड्रमचा जाड ठोका) आणि वर सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा आवाज). डोळ्यांसमोर नमुना एकच: स्वीडिश डीजे अविचीचं ‘वेक मी अप’. २०१३ साली आमच्या हॉस्टेलवर ते इतकं वाजायचं की शेजारच्या खोलीतला अभ्यासू मुलगासुद्धा टेबलावर बोटं आपटायचा.

तर परवा उरणला मित्राच्या हळदीत डीजेला मस्का मारून माझं गाणं लावायला लावलं. मंडप नुसता पेटलेला होता. गिटार सुरू झाली आणि पोरं थांबली. एका काकांनी डीजेला विचारलं, “फेज गेला काय रे?” पुढे किक आली, सिंथ आला, तरी कोणी पाय उचलला नाही. अर्धी पोरं पाणी प्यायला गेली, अर्धी खुर्च्यांवर. डीजेने मुकाट्याने गाणं बदललं आणि परत सगळे मैदानात.

मग रात्री मोबाइलवर वाचलं की ‘वेक मी अप’लासुद्धा पहिल्यांदा वाजवलं तेव्हा लोकांनी थंडा प्रतिसाद दिला होता. हे खरं आहे का? आणि दुसरं, त्या गाण्यात गिटार आणि नाचाचा ठेका एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, ते कसं साधलं? माझ्या गाण्यात दोन वेगळी गाणी चिकटवल्यासारखी वाटतात.

रात्रपाळी

गिटारवर नाचतं कोण, भाऊ? गिटार म्हणजे कँपफायर, शाल आणि कुणाची तरी आठवण. हळदीत शाल घेऊन गेलास तर असंच होणार.

काळाचौकी_कट्टा

रात्रपाळी, तुम्ही गणपतीत मुंबईत नसता वाटतं. आमच्याकडे मिरवणुकीत अख्खा रस्ता बेंजोवर नाचतो. डाव्या हाताने बटणं, उजव्या हातात पत्ती, तारेला पिकअप आणि हातगाडीवर भोंगे. बेंजो म्हणजे तारवाद्यच ना? वाजवणारा तारेवर गाणं गातो आणि खाली ढोल-ताशा-कच्छी पब्लिकला हलवतात. तारेवर नाचत नाहीत म्हणे!

साउंडचेक

सहातारी, वयाने लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मी साउंडवाला. वाद्यवृंदापासून कंपन्यांच्या वार्षिक समारंभापर्यंत मिक्सरमागे उभा राहून केस पिकले. गाणं करणारा मी नव्हे, पण कोणतं गाणं कुठे पडतं आणि का पडतं, ते समोरून बघत आलोय.

आधी तो किस्सा. हो, खरा आहे. २२ मार्च २०१३, मायामी, अल्ट्रा म्युझिक फेस्टिव्हल. अविची म्हणजे टिम बर्गलिंग, स्टॉकहोमचा पोरगा, तेव्हा २३ वर्षांचा. २०११ च्या ‘लेव्हल्स’ या गाण्याने तो जगभर पोचला होता आणि लोक तेच ऐकायला आले होते. त्याने काय केलं, तर मुख्य स्टेजवर, आपल्या सेटच्या मध्ये, चक्क जिवंत बँड आणला. इन्क्युबस या रॉक बँडचा माइक आइनझिगर गिटारवर. गायला अॅलो ब्लॅक, हा सोल गाणारा. ब्लूग्रासमधला, म्हणजे अमेरिकेच्या गावरान तारवाद्यांच्या संगीतातला, डॅन टिमिन्स्की. आणि मॅक डेव्हिस, ज्याने एल्विस प्रेस्लीसाठी गाणी लिहिली होती असा सत्तरीतला कंट्री गायक. लेझर आणि धुराची सवय असलेल्या गर्दीपुढे ही मंडळी. गर्दी गार पडली, इंटरनेटवर टिंगल झाली. काही दिवसांनी अविचीने स्वतः लिहून समजावलं की हा नव्या अल्बमसाठीचा प्रयोग आहे, आणि तासाभराचं मिक्स लोकांना ऐकायला दिलं.

१७ जूनला तेच गाणं सिंगल म्हणून आलं. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात २,६७,००० प्रती खपून थेट पहिल्या क्रमांकावर. अमेरिकेत बिलबोर्डच्या मुख्य यादीत, म्हणजे हॉट १०० मध्ये, चौथ्यापर्यंत चढलं आणि त्यांच्या डान्स-इलेक्ट्रॉनिक यादीत २६ आठवडे पहिलं राहिलं. हॉट १०० मध्ये चौथंच का, असं कुणी विचारू नका. त्या उन्हाळ्यात तिथे गर्दीच तशी होती.

आता बहुतेक लोक ही गोष्ट सांगताना म्हणतात की कलाकार पुढे होता, पब्लिक मागे होतं, तीन महिन्यांनी पब्लिकला अक्कल आली. मला हे साफ नामंजूर आहे. मायामीचं पब्लिक चुकलं नव्हतं. डीजेचा सेट म्हणजे न थांबणारा ठेका. एक गाणं संपायच्या आत दुसरं आत शिरलेलं असतं, पाय कुठेही सुटे पडत नाहीत. त्यात बँड आणलास की गाण्यागाण्यांत फट पडते. माइक बदलतो, कुणी तार लावतं, कुणी नमस्कार-चमत्कार करतं. नाचणाऱ्याच्या अंगातला घाम त्या फटीत वाळतो आणि वाळला की परत येत नाही. शिवाय अशा स्टेजची सिस्टिम लावलेली असते किक आणि सबसाठी, म्हणजे अगदी खालच्या घुमणाऱ्या सुरांसाठी. अकूस्टिक गिटार तिथे पत्र्यावर खडे टाकल्यासारखी ऐकू येते. हे मी चौपाटीवरच्या कार्यक्रमांत इतकं अनुभवलंय की मायामीला गेलो नाही तरी त्या साउंडवाल्याचा चेहरा मला दिसतो. हेच गाणं जूनमध्ये लोकांच्या कानात, गाडीत, रेडिओवर एकटं आलं, आणि त्याच्या आधी-नंतर कुणी अडवायला नव्हतं.

आता तुझा दुसरा प्रश्न, ज्यात मला जास्त रस आहे. दोन गाणी चिकटवल्यासारखी वाटतात कारण, मला वाटतं, तू ती खरोखर तशीच केली असशील. आधी गिटारचं गाणं, मग नाचाचा भाग वेगळा रचून त्याला जोडला.

‘वेक मी अप’चा जन्म बघ. मालिबूला आइनझिगरच्या घरी तो आणि बर्गलिंग बसले. आधी गिटारवर कॉर्ड्‌स आणि सुरावट बांधली. शब्द नव्हते, गायक नव्हता. अॅलो ब्लॅकला बोलावलं. त्याने स्वित्झर्लंडहून परतताना विमानात फोनमध्ये काही ओळी टिपून ठेवल्या होत्या, त्या या चालीत बसल्या. म्हणजे गिटार आणि गळा एवढ्यावर गाणं आधी पूर्ण उभं राहिलं, आणि मग बर्गलिंगने ते घेऊन त्याच्याखाली नाच घातला. इथे एक गोष्ट कान देऊन ऐक. मुखड्यानंतर शब्द थांबतात आणि सिंथची जी सुरावट येते, ती कुठल्याही क्लबातली नाही. ती गावच्या फिडलची आहे. गोल गोल फिरणारी, छोट्या सुरांची, जत्रेत वाजावी अशी. त्यामुळे गिटार गेली तरी गावाकडचं वारं जात नाही. सिंथ गिटारच्याच भाषेत बोलतो. तुझा सिंथ काय बोलतो? की सॉफ्टवेअरमधले तयार आवाज, म्हणजे प्रीसेट, उघडलेस आणि दिसेल तो ‘फेस्टिव्हल लीड’ उचललास?

तांत्रिक बाजू सोपी आहे, तिच्यात फार अडकू नकोस. गाणं बी मायनरमध्ये, मिनिटाला १२४ ठोके. गिटारवाले बहुतेक दुसऱ्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ए मायनर, एफ, सी असं वाजवतात. किक आणि अकूस्टिक गिटार एकत्र वाजताना भांडण होतं ते खालच्या सुरांत. गिटारच्या पोटाचा जो घुमारा असतो, साधारण १०० ते २०० हर्ट्‌झच्या आसपास, तिथेच किकचंही अंग असतं. खाटखूट न करता गिटारचा तो भाग काप. एकटी ऐकलीस तर पातळ, भिकार वाटेल. वाटू दे. नुसत्या गिटारच्या भागासाठी वेगळा, भरलेला आवाज ठेव आणि किक आली की पातळ आवाजावर जा. मग साइडचेन लाव, म्हणजे प्रत्येक किकच्या वेळी गिटार क्षणभर खाली बसेल. स्ट्रमिंगही त्या खाली बसण्याशी जुळून ‘ऑफ’वर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, उचललेलं हवं. सुरुवातीच्या भागात थोडं सैल वाजवलेलं गोड लागतं, पण किकवर तेच सैल वाजवणं म्हणजे दारूड्याची चाल.

एक विचारायचं राहिलं. हळदीत तुझ्या गाण्याच्या आधी डीजे काय लावत होता?

ग्लोबेनच्या_पलीकडे

स्टॉकहोमहून लिहितेय. मूळची डोंबिवलीची, इथे नोकरीनिमित्त. टिम बर्गलिंगच्या नावाचं सभागृह माझ्या मेट्रोच्या वाटेवर आहे. तो मोठा पांढरा गोळा, २०२१ पर्यंत ज्याला सगळे ग्लोबेन म्हणायचे, आता अविची अरेना. येता-जाता दिसतो, म्हणून बोलायचा हक्क बजावते.

साउंडचेक, तुमचं तांत्रिक सगळं मान्य, पण हे गाणं आकाशातून पडलं नव्हतं. नव्वदीत ज्यांनी केबल टीव्ही बघितला त्यांना रेडनेक्स आठवतील. ‘कॉटन आय जो’, १९९४. अमेरिकन लोकगीत, बँजो (तिकडचा, आपला बटणांचा बेंजो नव्हे), फिडल, आणि खाली धाडधाड टेक्नो. करणारे कोण? स्वीडिश! १९९५ च्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. म्हणजे अमेरिकेचं गावरान संगीत उचलून त्यावर जगाला नाचवायचा उद्योग या थंड देशात आधीही झालेला आहे. फरक इतकाच की रेडनेक्स थट्टा करत होते, दात काळे करून, गबाळे कपडे घालून. बर्गलिंग थट्टा करत नव्हता, आणि मला वाटतं मायामीत तेच लोकांना कळेना. हा गंभीरपणे गावरान संगीत ऐकवतोय की आपली फिरकी घेतोय?

आणि मडोना विसरू नका. ‘डोन्ट टेल मी’, २००० च्या अखेरीस आलेलं. निर्माता मिरवेसने त्यात अकूस्टिक गिटार अक्षरशः कात्रीने कापलीय. मध्येच थांबते, सीडी अडकली की काय असं वाटतं, मग पुढे चालू. मूळ गाणं तिच्या बहिणीच्या नवऱ्याचं, ‘जो हेन्री’ या गायकाचं, आणि ते अगदी वेगळ्या अंगाचं होतं. अमेरिकेत तेही चौथ्यापर्यंतच चढलं, योगायोग बघा. पण तिथे गिटार हीच ठेका होते. अविचीकडे गिटार गाणं सांगते आणि ठेका नंतर येतो. सहातारी, तुला यातलं कोणतं हवंय ते आधी ठरव. माझं मत विचारशील तर मडोनाचं गाणं जास्त धाडसी आहे आणि अविचीचं जास्त प्रेमळ.

काळाचाही भाग होताच. २०१३ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम कुणाचा ठरला, तर मम्फर्ड अँड सन्सचा. बँजो आणि पायाने वाजवायचा ड्रम घेतलेली मंडळी. म्हणजे रेडिओवर लाकडी वाद्यांची हवा होतीच, फक्त ती आणि क्लबची हवा वेगवेगळ्या खोल्यांत होती. त्याच वर्षी शरदात पिटबुल आणि केशाचं ‘टिंबर’ आलं, माउथऑर्गनवालं, तोवर दार सताड उघडलेलं होतं.

‘पब्लिक चुकलं नव्हतं’ हे मात्र मला अर्धंच पटतं. गार पडणं ठीक. टिंगल करणं वेगळं. तो मुलगा आधीच प्रवासाने आणि आजारपणाने पिचलेला होता, २०१६ ला त्याने दौरे थांबवले, २०१८ च्या एप्रिलमध्ये मस्कतमध्ये वारला. वय २८. मी मायामीचा आणि त्याचा संबंध जोडत नाहीये, तसं करणं बरोबरही नाही. पण ‘पब्लिक’ म्हणताना आपण सगळ्यांनाच सोडून देतो.

त्या एप्रिलमध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला डोम टॉवरच्या घंटांवर त्याची गाणी वाजवली होती, हेही सांगायला हवं. व्हिडिओ शोधून ऐका. ना किक, ना सिंथ, ना गिटार. चाल लगेच ओळखू येते.

हिशेबनीस

गाणं कसं केलं यावर खूप झालं, आता मिळालं काय तेही सांगतो, कारण सहातारीसारखी मुलं हे शेवटी बघतात.

सिंगलवर नाव फक्त अविचीचं. गाणारा अॅलो ब्लॅक, पण त्याचं नाव कलाकार म्हणून नाही. कित्येक लोकांना वर्षानुवर्षं वाटायचं की अविची हाच गातो. (आमच्या ऑफिसात यावर पैज लागली होती आणि मी वडापाव जिंकलो होतो.) लेखक म्हणून मात्र तिघांची नावं आहेत: बर्गलिंग, ब्लॅक, आइनझिगर.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकने ‘वायर्ड’मध्ये लेख लिहून आकडे मांडले. पँडोरा या अमेरिकन सेवेवर हे गाणं १६ कोटी ८० लाखांहून जास्त वेळा वाजलं होतं, आणि त्यातून गीत-संगीताचं मानधन म्हणून १२,३५९ डॉलर आले. ते तीन लेखक आणि त्यांचे प्रकाशक यांच्यात वाटले गेले. त्याच्या हाती ४,००० डॉलरहून कमी. तेव्हाच्या भावाने अडीच लाख रुपयांच्या आतबाहेर. हे फक्त एका सेवेचं आणि फक्त लेखनाच्या हक्काचं, हे लक्षात ठेवा. ध्वनिमुद्रणाचा पैसा वेगळ्या नळातून येतो. पण जगात सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांपैकी एकाचा हा हिशेब आहे.

त्याच २०१३ साली ब्लॅकने हे गाणं स्वतःच्या नावाने, नुसत्या गिटारवर, पुन्हा काढलं. त्याचा व्हिडिओ अॅलेक्स रिवेराने केला, अमेरिकेत स्थलांतरित कुटुंबांची कशी ताटातूट होते त्यावर. तेच शब्द, पण ऐकताना नाचायचं सुचत नाही. साउंडचेक म्हणतात ना की गाणं आधी उभं होतं, त्याचा पुरावा हाच.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी लिहून घेता येत नाही. सहातारी, गाणं तुझं आहे, चाल तुझी आहे, तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व बघून ठेव. आणि मित्राने दोन ओळी लिहिल्या असतील तर त्याचा वाटा आत्ताच कागदावर घे. गाणं चाललं की मैत्री आठवत नाही.

सहातारी_पनवेल

एवढं सगळं लिहिलंत, आभार. क्रमाने उत्तरं देतो.

हिशेबनीस, शब्द माझ्या बहिणीचे आहेत, त्यामुळे कागद करायलाच हवा, ती वकिली शिकतेय.

ग्लोबेनताई, डोम टॉवरच्या घंटा ऐकल्या. घरी आईसुद्धा किचनमधून म्हणाली, हे ते तुझं गाणं ना.

साउंडचेक काका, सिंथबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते वाचून जरा ओशाळलो. तो प्रीसेटच आहे आणि नावसुद्धा जवळपास तेच. आणि माझ्या आधी डीजे कोळीगीतं लावत होता. सलग.

साउंडचेक

मग झालं की! आधीच विचारायला हवं होतं.

अरे, कोळीगीताचा ठेका बहुतेक सहा मात्रांचा. तुझं गाणं चारचं. हळदीत पोरं तासभर सहावर डुलत होती, खांदे त्यात बसलेले होते, कंबर त्यात बसलेली होती, आणि तू मध्ये आधी ठेका काढून घेतलास आणि परत दिलास तो चारचा. कुठल्याही पोराने पाय उचलला असता तर चुकीच्या जागी पडला असता. खुर्चीवर बसणं हे त्यांचं शहाणपण. मायामीत जे झालं त्याहून तुझं अवघड होतं, तिथे निदान आधी आणि नंतर चारच मोजत होते.

तेव्हा त्या रात्रीवरून गाण्याला नापास करू नकोस. हळदीत पुन्हा लावायचंच असेल तर दोन वाटा. एक, सुरुवातीची नुसती गिटार कापून थेट मुखड्यावर ये, डीजेसाठी वेगळी छोटी आवृत्ती बनव. गाणं करणारे सगळेच डीजेंना तशी देतात, त्यात कमीपणा नाही. दुसरी वाट म्हणजे जेवणाच्या पंगती उठल्यावर, कोळीगीतांचा जोर ओसरून हिंदी लागायला लागलं की. तेव्हा पोरं चारवर आलेली असतात.

तिसरी वाटही आहे, पण ती सांगताना मी थोडा घाबरतोय, कारण यात सगळं गाणं परत करावं लागेल. तुझी चाल सहात बसते का ते वाजवून बघ. गिटार तशीच ठेव, स्ट्रमिंग बदल. काळाचौकीवाल्याने बेंजोचं लिहिलंय ते मजेत घेऊ नकोस. सिंथच्या जागी बेंजोवाला बसव, त्या मधल्या, शब्द नसलेल्या तुकड्यात. आइनझिगरच्या गिटारीमागे कंट्री होतं आणि बर्गलिंगच्या सिंथने त्याला फिडलने उत्तर दिलं. पनवेलच्या गिटारीला फिडलने उत्तर द्यायचं कारण काय? बेंजो बाजारात आहे, वाजवणारे आहेत, एका दिवसाचे पैसे फार घेत नाहीत. फक्त गणपतीच्या आधी पकड, नंतर त्यांचे फोन लागत नाहीत.

ग्लोबेनताई, टिंगलीबद्दल तुमचं बरोबर. मी साउंडवाल्याच्या बाजूने बघतो, तिथून गर्दीचं फक्त अंग दिसतं, तोंड दिसत नाही.

रात्रपाळी

बेंजो आणि गिटार एकत्र? आता ऐकायला हवं. सहातारी, गाणं इथे टाक.

सहातारी_पनवेल

बहिणीने सहावर गाऊन बघितलं. मुखडा बसतोय, अंतरा धावतोय. तो परत लिहावा लागेल, ती तयार आहे. सध्याचं चारचं मिक्स उद्या व्हॉट्सअॅपवर पाठवतो, ज्यांना हवं त्यांनी निरोप टाका.

साउंडचेक

पाठव, पण व्हॉट्सअॅपवर गाणं म्हणून नको, फाइल म्हणून जोड, नाहीतर ड्राइव्हवर टाक. वेव्ह फाइल हवी. आणि गिटारचा ट्रॅक वेगळा दे, नुसतं मिक्स ऐकून मला खालचं काही सांगता येणार नाही.